काम काय काढलंत मुंबईला?

आमच्या रत्नागिरीकडून मुंबईला ‘फिरायला’ कुणी जात नाही. मुलाखत असते, कुणाचं बारसं असतं, केईएमला कुणाला तरी दाखवायचं असतं, नाहीतर लग्नाचा बस्ता काढायला दादर गाठायचं असतं. फिरायला मुंबईकर आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांना गणपतीपुळ्याचा रस्ता सांगतो. त्यामुळे जानेवारीत आम्ही चौघं दोन दिवस मुंबईला निघालोय म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, “काय काम काढलंत?”

“काम नाही हो. फिरायला.”

त्या दोन पायऱ्या उतरून जवळ आल्या, आवाज बारीक केला. “आईंना दाखवायला नेताय का? सांगा मोकळेपणी.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. सासरे फिनिक्स मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यात तेही. लांज्याकडच्या आमच्या गावी परत आले ते आलेच. त्यांची वीसेक वर्षं मुंबईत गेली, पण आई मुंबईला गेल्या एकूण तीनदा: दिराच्या लग्नाला, बहिणीच्या बाळंतपणाला आणि मोतीबिंदूला. तिन्ही वेळा एका घरात शिरल्या आणि त्याच घरातून परत निघाल्या.

बेत ठरवायला बसलो तेव्हा प्रत्येकाची यादी निराळी. चिरंजिवांना (इयत्ता सहावी) पेंग्विन, मेट्रो आणि डबलडेकर. ह्यांना म्युझियम. मला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तासभर बसायचं होतं, चहाचं कुणीही न विचारता. आई म्हणाल्या, “ह्यांची गिरणी बघायची. बाकी तुमी न्याल तिकडं.”

तिकिटांचं थोडक्यात. हल्ली आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शुक्रवारी रात्री जाऊन रविवारी रात्री परतायचं तर तुतारी एक्स्प्रेस सोयीची, सकाळी पावणेसातच्या सुमारास दादरला सोडते. परतीला मात्र एक मेख आहे. तुतारी दादरहून सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. म्हणजे आपली रविवारची रात्र तिच्या हिशेबी सोमवार. आमच्या ह्यांनी मोठ्या ऐटीत रविवारचं तिकीट काढलं आणि दोन दिवस कॉलर ताठ करून फिरले. मी सहज तारीख बघितली तर आम्ही शनिवारच्या मध्यरात्रीच मुंबई सोडणार होतो. रद्द केलं, पैसे कापून घेतले, नव्या तिकिटात दोन जागा आरएसी. हे लिहितेय ते ह्यांना टोचायला नाही. रत्नागिरीत ही चूक केलेली निदान चार घरं मला माहीत आहेत.

खरी अडचण राहण्याची झाली. आम्ही दादरला स्टेशनजवळ लॉज घेतला. लालबागला आईंची धाकटी बहीण राहते. तिला हे कळलं आणि फोन आला तो थेट माझ्या मोबाईलवर, ह्यांच्या नाही.

“सूनबाई, माझ्या घराला काय आग लागली?”

मी काय काय सांगितलं: दोनच दिवस आहेत, पहाटे निघायचं, तुम्हाला त्रास नको. मावशी म्हणाल्या, “त्रास? ह्या घरात अकरा माणसं झोपलेली आहेत, एक खोली होती तेव्हा. आता दोन बेडरूम झाल्या तर माणसं हॉटेलात चालली.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तह असा झाला की रविवारी दुपारी जेवायला तिच्याकडे, आणि जेवण म्हणजे मासे.

शुक्रवार रात्र

कलमांना मोहोर चांगला आलेला, एक फवारणी उरकलेली. ह्यांचा जीव बागेत अडकलेला असला तरी दोन दिवस सुटका होती. फक्त दोन दिवसांचं सामान, म्हणून मी एकच बॅग भरली. स्टेशनवर मोजलं तर पाच नग. उरलेले चार आईंचे: सोललेले नारळ, कुळथाचं पीठ, आमसुलं, आगळाची बाटली, सोडे, फणसपोळी आणि संक्रांतीच्या तिळाच्या लाडवांचा भला मोठा डबा.

“आई, फिरायला चाललोय आपण.”

“रिकाम्या हातानं मुंबईला जातात काय कोण?”

रत्नागिरी सोडल्यावर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. चिरंजीव घड्याळ लावून जागे राहिले. बोगदा संपला आणि तेही झोपले. जातानाही दोन जागा आरएसीच, त्या बाकावर आम्ही दोघं रात्रभर एकमेकांच्या पायांशी भांडत होतो. आई खालच्या बर्थवर, पिशव्यांना पाय लावून गाढ.

शनिवार

दादरला उतरलं की आधी लॉजवर सामान टाकायचं. इथे एक सांगून ठेवते. खोली घेताना चेक-इनची वेळ आधी विचारा. दुपारी बाराचा हिशेब असला तर रात्रभर प्रवास केलेली माणसं पिशव्यांसकट पाच तास रस्त्यावर. २४ तासांच्या हिशेबाचा लॉज मिळाला तर सकाळी सातलाच अंघोळ. आम्हाला तसा मिळाला. खोली आगपेटीएवढी, पण गरम पाणी धो धो.

अंघोळी करून पश्चिमेला फुलबाजारात गेलो. पुलाखाली झेंडूचे ढीग, शेवंतीच्या गोण्या, पायाखाली चिखल आणि “बाजू, बाजू” करत डोक्यावर हारे घेतलेली माणसं. आई खूश होत्या. मग एका बाईपुढे थबकल्या. तिच्याकडे आंब्याच्या डहाळ्यांच्या जुड्या होत्या.

“ही कशाला ठेवलीत?”

“तोरणाला, आजी. वीस रुपये जुडी.”

“पानांला पैशे?” आईंनी वळून ह्यांच्याकडे बघितलं. घरच्या पन्नास कलमांच्या पानांचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. पुढे दोन दिवस हा विषय संपला नाही.

नाश्ता ‘प्रकाश’मध्ये: साबुदाणा वडा, डाळिंबी उसळ आणि वर पियूष. जागेसाठी थोडं थांबावं लागतं आणि थांबावं. पियूष एकात दोघांनी घ्या असं मी सुचवलं, कुणी ऐकलं नाही.

तिथून मेट्रो. आरे ते कफ परेड अशी ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं आरेचं तेवढं जमिनीवर. आमची माहिती देण्याची जबाबदारी चिरंजिवांनी घेतली होती. “आजी, आपल्या करबुड्यासारखे पाच बोगदे जोडले ना, तर एवढं होईल.” आईंचं लक्ष सरकत्या जिन्याकडे. पहिल्या पायरीपाशी त्या थांबल्या, मागे रांग लागली. शेवटी एका कॉलेजच्या मुलीने नुसता हात पुढे केला, आईंनी तो धरला आणि दोघी खाली गेल्या. खाली पोचल्यावर आईंनी हात सोडला नाही, तिचं गाव विचारलं. मुलगी घाटकोपरची. “मूळ गाव?” “आजी, खेड.” “मग असं सांग की!” दोन दिवसांत हे असंच होत राहिलं. मुंबईत आईंना एकही मुंबईकर भेटला नाही, सगळे कुठचे ना कुठचे निघाले.

हुतात्मा चौकाला वर आलो. शेतकरी आणि कामगार अशी ती मशाल घेतलेली जोडी आईंनी बराच वेळ बघितली. तिथून काळा घोडा ओलांडून म्युझियम, रमतगमत दहा-बारा मिनिटं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, तेव्हाच आत शिरा. बाराच्या पुढे शाळांच्या सहली येतात. १९२२ पासून ही वास्तू लोकांसाठी खुली आहे आणि घुमटाखाली उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. चिरंजीव शस्त्रांच्या दालनात हरवले. ह्यांनी प्रत्येक पाटी वाचली, ज्याची मला लग्नापासून सवय आहे. आई सिंधू संस्कृतीच्या दालनात एका मडक्यापुढे उभ्या होत्या. “असलं आपल्या माळ्यावर हाय. फोडू नका म्हणून किती वेळा सांगितलंय.”

गेटवे ऑफ इंडिया चालत पाच मिनिटांवर. आता, रत्नागिरीकरांची एक गंमत. आमच्या मांडवीच्या किनाऱ्यावर जी कमान आहे तिला आम्ही ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतो. त्यामुळे १९२४ साली पुरा झालेला तो भव्य दरवाजा बघून चिरंजीव म्हणाले, “मोठी आहे, पण आपल्याकडे गर्दी कमी असते.”

आई बोटी बघत होत्या. घारापुरीच्या, मांडव्याच्या लाँची लागत होत्या. मग एकाएकी बोलायला लागल्या. सासरे पहिल्यांदा मुंबईला आले ते बोटीनं. सतरा वर्षांचे होते. रत्नागिरीला आगबोट धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव हेलकावत बोटीला भिडायचा आणि वरून कुणीतरी हात धरून ओढून घ्यायचं. सामानाची वळकटी आधी फेकायची, माणूस मागून. “ह्यांची वळकटी पाण्यात पडली. भाऊच्या धक्क्यावर उतरले ते अंगावरच्या कपड्यावर.” ही गोष्ट आमच्या ह्यांनीही कधी ऐकली नव्हती. वडलांची गोष्ट आहे, आणि मुलाला पन्नाशी जवळ आल्यावर गेटवेच्या कठड्याशी कळतेय.

म्युझियमच्या स्टॉपवर नशिबाने एसी डबलडेकर मिळाली. वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेशी. ही जागा मिळाली तर मुंबई दाखवायला गाइडची गरज नाही. झाडांच्या फांद्या काचेवर आपटतात आणि प्रत्येक वेळी आपण डोकं खाली घालतो, काच आहे हे माहीत असून.

सीएसएमटीला उतरून समोरच्या बाजूने इमारत बघितली. आतून कितीदा तरी बघितलेली, म्हणजे धावत. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केला, १८७८ ला काम सुरू होऊन दहा वर्षं चाललं, २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. रस्त्यापलीकडे उभं राहून नीट बघितलं तर दगडात माकडं, मोर, कुत्री सापडतात. आम्ही तिघं प्राणी मोजत होतो. आई म्हणाल्या, “ह्यांच्या पत्रात बोरीबंदर असायचं. ते हेच काय?” हेच.

जेवण ‘पंचम पुरीवाला’कडे, कारण शनिवारी आई मासे-मटण खात नाहीत आणि माझा निम्मा जीव थकला होता. पुऱ्या टम्म, बटाट्याची भाजी रस्सेदार, चौघांचं बिल बघून ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू. जेवून आझाद मैदानात सावलीला बसलो. एकाच मैदानात इतके सामने चाललेले की एका सामन्याचा फिल्डर दुसऱ्याच्या बोलरशेजारी उभा. कुणाचा चेंडू कुणी अडवायचा हे त्यांना कसं कळतं, हे चिरंजिवांनाही सांगता आलं नाही. आई पिशवी उशाशी घेऊन अर्धा तास आडव्या झाल्या. वयस्कर माणूस बरोबर असेल तर दुपारचा हा अर्धा तास बेतात धराच, नाहीतर संध्याकाळ हातची जाते.

साडेचारला टॅक्सीने गिरगाव चौपाटी. काळ्यापिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, चौघांना बसपेक्षा फार महाग पडत नाही. रिक्षा शोधू नका, शीव-माहीमच्या दक्षिणेला त्या नाहीत. दर वेळी आमच्यासारखा कुणीतरी गाववाला फुटपाथवर उभा राहून रिक्षाला हात दाखवत असतो आणि टॅक्सीवाले हसतात.

चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले. आमच्या शाळांच्या सहली टिळक आळीतल्या त्यांच्या जन्मघरात जातात, त्यामुळे चिरंजीव अगदी नात्यातल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. “आपल्याकडे सुरुवात आणि इथे शेवट,” म्हणाले आणि भेळेकडे वळले.

मग मरीन ड्राइव्ह. जानेवारीत सूर्य सरळ पाण्यात बुडतो, साडेसहाच्या जरा आधी. मला हवा होता तो तास मला मिळाला. कट्टा दिवसभराच्या उन्हाने ऊबदार, वारा गार, एका बाजूला कुजबुजणारं जोडपं, दुसऱ्या बाजूला ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन एकटाच बसलेला एक माणूस. तो काहीही करत नव्हता. मोबाईलही नाही. मला त्याचा फार आदर वाटला.

आई दहा मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “एवढा समुद्र, एवढी माणसं. आणि एकाच्या हातात गरी नाय.”

मरीन लाइन्सहून लोकलने दादर. शनिवारी संध्याकाळी गर्दी कमी असेल हा माझा अंदाज साफ चुकला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आई मात्र लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसून आल्या आणि उतरताना त्यांच्याकडे वसईच्या एका बाईने दिलेली दोन केळी होती.

रविवार

बेत असा होता: पहाटे टॅक्सीने ससून डॉक, मासळीचा लिलाव बघायचा. आईंना तो मुळीच पटला नव्हता. “मिरकरवाडा रोज हाय घरी. मुंबईला येऊन म्हावऱ्याचा बाजार बघायचा?” पण त्यांना विरोध करावाच लागला नाही. टॅक्सीवाल्याने हात हलवला. “आज नाही जमणार. मॅरेथॉन आहे, रस्ते बंद.”

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन, हे कॅलेंडर बघून कळलं असतं. बघितलं नव्हतं. तुम्ही बघा. त्या दिवशी दक्षिण मुंबईत सकाळी गाडीने जाण्याचा विचारही करू नका. चालत मात्र जरूर जा, कारण पुढचे दोन तास आमच्या सगळ्या सहलीत सरस ठरले.

शिवाजी पार्ककडे चालत निघालो. वीर सावरकर मार्गावर रस्ता भरून माणसं धावत होती. तरणी, म्हातारी, लुगडं नेसलेल्या बाया, कुणी खुरडत, कुणी नुसतं चालत. फुटपाथवर इमारतीतली माणसं घरच्या कपड्यांत बाहेर आलेली. कुणी संत्र्याच्या फोडी धरल्यात, कुणी मीठ, कुणी पाणी. एक आजोबा खुर्ची टाकून थाळी वाजवत बसले होते.

आईंनी विचारलं, “हे कुठं चाललेत?”

“कुठे नाही. धावतायत. बेचाळीस किलोमीटर.”

“आणि मग?”

“मग घरी.”

त्या थोडा वेळ बघत राहिल्या. आमच्याशेजारची बाई राजगिऱ्याच्या चिक्कीचे तुकडे वाटत होती. आईंनी पिशवीत हात घातला आणि डबा काढला. मावशीसाठीचे तिळाचे लाडू. मी काही म्हणायच्या आत त्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या, हात लांब करून. “तिळगूळ घ्या, गोड बोला!” पहिला धावणारा गोंधळला. दुसऱ्याने उचलला, पुढे गेला, वळून ओरडला, “गोड गोड बोला, आजी!” मग रांगच लागली. एका सरदारजींनी थांबून पाया पडून घेतला. एक परदेशी मुलगा लाडू हातात घेऊन हे लावायचं की खायचं अशा चेहऱ्याने बघत होता, चिरंजिवांनी तोंडात टाकून दाखवला. पाऊण तासात डबा रिकामा. चाळीसेक लाडू होते. मावशीला काय सांगायचं हा प्रश्न परतताना माझ्या डोक्यात, आईंच्या नाही.

लॉजवाल्याला अर्ध्या दिवसाचे जास्त पैसे देऊन सामान खोलीतच ठेवलं आणि साडेदहाला लालबागला निघालो, म्हणजे करी रोडचं तिकीट काढलं. आणि समोर आलेल्या लोकलमध्ये चढलो. करी रोडला फास्ट लोकल थांबत नाही हे मला माहीत आहे, ह्यांना माहीत आहे, चिरंजिवांनाही माहीत आहे. पण ‘मला वाटलं तुम्ही बघितलं’ या तत्त्वावर आमचं घर चालतं. करी रोड डोळ्यांसमोरून गेलं, चिंचपोकळी गेलं, गाडी थांबली ती भायखळ्याला. चिरंजीव शांतपणे म्हणाले, “आलोच आहोत तर...”

तर राणीची बाग. गर्दीच्या भीतीने मी पेंग्विन यादीतून हळूच काढले होते. मोठ्यांना ५० रुपये तिकीट, बुधवारी बंद, रविवारी सकाळी लवकर गेलात तर रांग सुसह्य. काचेमागे हम्बोल्ट पेंग्विन. आई काचेला नाक लावून, बरोबरच्या चार वर्षांच्या मुलांच्या उंचीला वाकून. “हे उडत नाय?” नाही. “मासे खातात?” हो. “रोज? ताजे?” माणसाने बादलीतून मासे टाकले तेव्हा आईंनी मासे ओळखायचा प्रयत्न केला. बाहेर पडताना शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती दिसतो, त्याला जरूर भेटा. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव पाडलं तो हाच. तो इंग्लंडला न्यायचा होता, उचलताना तुकडे झाले, मग इथेच राहिला आणि नंतर सांधून उभा केला.

मावशीकडे पोचायला पाऊण वाजला. पूर्वीच्या चाळीच्या जागी टॉवर, घर बाविसाव्या मजल्यावर. दारात मावशी, दोघी बहिणींनी एकमेकींना नखशिखान्त बघितलं. “वाळलीस.” “तू सुटलीस.” झालं स्वागत. मग सुरमई तळलेली, बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं, कोलंबीची खिचडी, सोलकढी. माझ्या ताटात न विचारता पडत राहिलं, ती लॉजची शिक्षा होती. लाडवांचा रिकामा डबा बघून मावशी म्हणाल्या, “हा काय प्रकार?” आईंनी सगळं साग्रसंगीत सांगितलं. मावशी म्हणाल्या, “म्हणजे माझा तिळगूळ आख्ख्या मुंबईला वाटलास. बरं केलंस, मला शुगर आहे.”

जेवून मावशीच्या मुलाने आम्हाला गावच्या खोलीवर नेलं. लालबाग-परळात आमच्याकडच्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या होत्या, काही अजून आहेत. ग्रामस्थ मंडळाची खोली. गावचा माणूस मुंबईला आला की ट्रंक घेऊन तिथे. पाळीपाळीने कामाला, पाळीपाळीने झोपायला, जेवायला खाणावळ. ह्या खाणावळवाल्या बायकांवर गिरणगाव जेवत होतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांचंच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

खोलीत दोन पोरं राहतात, एक कुरिअरला, एक पोलीस भरतीची तयारी करणारा. आम्हाला बघून त्यांनी दोरीवरचे कपडे झटक्यात खाली ओढले. दहा बाय बाराची जागा. माळ्यावर जुन्या पत्र्याच्या ट्रंका, भिंतीवर गणपती आणि मंडळाची नावांची पाटी, रंग उडालेली. सासऱ्यांचं नाव पाटीवर आहे का बघितलं. नव्हतं, ती पाटी नंतरची.

आईंनी विचारलं, “नळ कुठं?” पोराने दाखवला. “पाणी पहाटे चारला यायचं म्हणायचे.” मग खोलीच्या मध्ये उभ्या राहून चारी भिंती बघितल्या. “हितं बायका येत नसत,” म्हणाल्या. जिना उतरताना माझा दंड धरून हळूच: “खाणावळवाली साताऱ्याकडची व्हती. तिच्या हातच्या वांग्याचं लय कवतिक ह्यांला. मी वांगं केलं की म्हणायचे, चांगलं आहे, पण.” चाळीस वर्षं झाली त्या ‘पण’ला.

फिनिक्सला टॅक्सीने गेलो. तिथे आता मॉल आहे हे आईंना सांगितलेलं होतं, पण मॉल म्हणजे काय हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. दारात तपासणीला आईंच्या चंचीत अडकित्ता निघाला. पहाऱ्यावरच्या मुलीने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला. “आजी, हा आत नाही नेता येणार. माझ्याकडे ठेवते, जाताना घ्या. कुठच्या तुम्ही?” “लांज्याच्या.” “मी म्हसळ्याची.” अडकित्ता सुरक्षित हातात गेला.

आत चकचकाट, रविवारचा लोंढा. आणि ह्या सगळ्यात गिरणीची जुनी चिमणी अजून उभी आहे. आई खाली उभ्या राहून वर बघत होत्या. आम्ही जरा लांब थांबलो. चिरंजिवांना आईस्क्रीम हवं होतं, पण तेही गप्प.

“पत्रात पाळी लिहिलेली असायची,” आई म्हणाल्या. “दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. मी गावाला जागी व्हायचे तेव्हा. घड्याळ नव्हतं घरात.”

ह्यांनी विचारलं, “फोटो काढू?”

“चिमणीचा काड. माझा नको.” मग पदर घट्ट ओढून, “थंडी हाय हितं. चला.”

संध्याकाळी लालबागच्या चिवडा गल्लीत खरेदी. पोह्याचा पातळ चिवडा, मक्याचा चिवडा, शेव. येताना पाच नग होते, जाताना सहा झाले, त्यात मावशीचा तळलेल्या सुरमईचा डबा. हा डबा परत करायला यावं लागेल असं मावशी तीनदा बजावून म्हणाल्या. रविवारी दुपारी लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी बघून ठेवा, आम्ही टॅक्सीवर असल्याने सुटलो. रात्री दादरच्या फलाटावर तासभर आधी पोचलो, आणि ह्यांनी तिकिटाची तारीख चार वेळा बघितली.

सोमवार

सकाळी रत्नागिरी. धुकं, गारवा आणि स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांचा गलका. सहा नग आणि चार माणसं एका रिक्षात बसवणाऱ्या भल्या माणसाने वाटेत आरशातून मागे बघत विचारलं, “मुंबईहून? काय काम काढलं होतंत आजी?”

आई म्हणाल्या, “पेंग्विन बघितले. काळा कोट घातलेला पक्षी, उडत नाय, रोज ताजी मासळी खातो. मग धावत्या माणसांला लाडू वाटले.”

रिक्षावाला जरा वेळ काहीच बोलला नाही. कुवारबाव गेल्यावर मान अर्धी वळवून, आवाज बारीक करून मला म्हणाला, “ताई, डॉक्टर काय म्हणाले?”